मंगल कार्यालयाच्या जागी सुपरमार्केट : विश्रामबागेतल्या नव्या दुकानाचा तीन महिन्यांचा हिशेब

सांगलीच्या विश्रामबाग भागात, आमच्या रस्त्यावर जिथे परवापरवापर्यंत एक मंगल कार्यालय होते तिथे, फेब्रुवारीच्या अखेरीस एका मोठ्या साखळीच्या सुपरमार्केटची शाखा सुरू झाली. ती सुरू होण्याआधीपासूनच रस्त्यावर दोन तट पडले होते, आणि दोन्ही बाजूंनी जे बोलले जात होते त्यातले बरेचसे प्रत्यक्ष बिल हातात न घेता बोलले जाते, असे मला वाटत होते. मी लहान उद्योगांचे हिशेब लिहिण्याचे काम करते. त्यामुळे मार्च, एप्रिल आणि मे हे तीन महिने घरच्या वाणसामानाची प्रत्येक पावती आणि चिठ्ठी जपून ठेवून मी हा हिशेब मांडला आहे. साखळीचे नाव मी लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी या एका शाखेबद्दलच्या आहेत आणि त्यातून निघणारे प्रश्न कोणत्याही साखळीच्या दुकानाला विचारता येतील असे आहेत.

रस्ता तसा लहान आहे. चौकातून निघून गणपतीच्या देवळापर्यंत चालत गेले तर सात-आठ मिनिटे लागतात. तेवढ्या अंतरात किराण्याची सहा दुकाने, पिठाच्या दोन गिरण्या, दुधाची डेअरी, भांड्यांचे एक दुकान आणि सकाळ-संध्याकाळ पदपथावर बसणाऱ्या दहा-बारा भाजीवाल्या आहेत. आमचे वाणसामान गेली बावीस वर्षे एकाच दुकानातून येते. त्या दुकानाच्या मालकांना सगळा रस्ता अण्णा म्हणतो, म्हणून मीही इथे तेच लिहिते.

नव्या दुकानाची पहिली ओळख चांगली झाली, हे आधी सांगितले पाहिजे. दुकान स्वच्छ आहे, मांडणी मोकळी आहे, प्रत्येक वस्तूखाली तिचा दर लावलेला आहे आणि वस्तू हातात घेऊन तिच्यावरची तारीख, वजन आणि घटक निवांत वाचता येतात. माझ्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे अण्णांच्या दुकानाच्या तीन पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, म्हणून गेली पाच वर्षे त्यांना काय हवे ते मीच आणत होते. नव्या दुकानाला उतरण आहे. मार्चमध्ये त्या पहिल्यांदा माझ्याबरोबर आल्या, ढकलगाडीला धरून सावकाश सगळे फिरल्या, स्वतःसाठी अंगाला लावायचे तेल आणि राजगिऱ्याच्या वड्या स्वतः निवडून घेतल्या आणि पैसेही त्यांनीच दिले. त्या दिवशी त्या घरी आल्या तेव्हा जितक्या समाधानी होत्या तितक्या मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिल्या नव्हत्या. त्यामुळे रस्त्यावर कुणी "या दुकानाने काय दिले?" असे विचारले की माझ्याकडे एक खरे उत्तर आहे.

आता दरांकडे येते. मार्चचे सगळे सामान मी नव्या दुकानातून घेतले आणि एप्रिलचे सगळे अण्णांकडून. एप्रिलच्या खरेदीच्या दिवशीच नव्या दुकानातले दरही टिपून घेतले, म्हणजे एकाच दिवसाची तुलना करता येईल. आमच्या पाच माणसांच्या घराच्या यादीत चौतीस वस्तू आहेत. त्यांपैकी साबण, दंतमंजन, कपड्यांची पूड, बिस्किटे, चहा, तेलाची पिशवी अशा कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या वस्तू एकोणीस, आणि धान्य, डाळी, शेंगदाणे, गूळ, साखर, पोहे, रवा, मसाल्याचे पदार्थ अशा पंधरा. एकोणीस बंद वस्तूंचे नव्या दुकानात 2,846 रुपये होत होते, तर अण्णांकडे त्यांनी दिलेली थोडीफार सूट धरून 3,120 रुपये झाले, म्हणजे नवे दुकान 274 रुपयांनी स्वस्त. उरलेल्या पंधरा वस्तूंचे नव्या दुकानात 3,415 आणि अण्णांकडे 3,290 रुपये, म्हणजे इथे नवे दुकान 125 रुपयांनी महाग. दोन्ही मिळून महिन्याला 149 रुपयांची बचत होते. मार्चच्या पावतीत यादीबाहेरच्या वस्तू 930 रुपयांच्या होत्या, पण तो दोष माझा आहे, दुकानाचा नाही, म्हणून तो मी तुलनेत धरलेला नाही.

बंद वस्तू तिथे स्वस्त का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही नीट समजत नाही. साखळी थेट कंपनीकडून शेकडो दुकानांसाठी एकदम माल उचलते, त्यामुळे कंपनीकडून तिला मिळणारी सूट मोठी असते. अण्णांकडे तोच साबण कंपनीच्या वितरकामार्फत येतो. ठरलेल्या वारी वितरकाचा माणूस येऊन ऑर्डर लिहून नेतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छोट्या टेम्पोतून खोकी उतरतात आणि आठवडाभरात पैसे चुकते करावे लागतात. मधल्या प्रत्येकाचा वाटा निघाल्यावर अण्णांच्या हाती छापील किमतीच्या साधारण आठ ते बारा टक्के उरतात. त्यातून वीज, नोकराचा पगार आणि खराब झालेला माल निघायचा असतो. साखळी छापील किमतीवर ग्राहकाला जी सूट देते ती काही वस्तूंवर अण्णांच्या एकूण नफ्याएवढीच आहे. तेव्हा "अण्णा इतकी वर्षे आपल्याला लुटत होते" हे आमच्या इमारतीत एकदा मोठ्याने बोलले गेलेले वाक्य साफ चुकीचे आहे.

धान्य आणि डाळी नव्या दुकानात महाग पडतात, त्याचे एक कारण करात आहे. 18 जुलै 2022 पासून आधीच बांधून, छापील लेबल लावून विकल्या जाणाऱ्या पंचवीस किलोपर्यंतच्या डाळी, धान्ये आणि पिठांवर पाच टक्के जीएसटी आहे. तीच डाळ दुकानदाराने पोत्यातून काढून तुमच्यासमोर तोलून दिली तर तिच्यावर हा कर नाही. नव्या दुकानातल्या बहुतेक डाळी साखळीच्या स्वतःच्या नावाच्या पिशव्यांत बांधलेल्या आहेत, आणि त्या पिशवीचा, छपाईचा, कराचा पैसा शेवटी ग्राहकच देतो. सुटी डाळ तिथे एका कोपऱ्यात चार डब्यांत ठेवलेली आहे, पण तीत तूरडाळ नव्हती.

दर्जाबाबत मी सगळ्यात जास्त लक्ष शाळूवर, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवर, ठेवले, कारण आमच्या घरी दोन्ही वेळा भाकरी होते. नव्या दुकानातला शाळू दिसायला फार सुरेख होता, मोत्यासारखा एकसारखा, खडा नाही, काडी नाही. पण दळून आणल्यावर त्याच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नव्हती. गरम पाणी घालून मळले तरी भाकरी थापताना कडेने फाटायची आणि तव्यावर टाकली की मधोमध चिरायची. पिशवीवर बांधणीचा महिना होता, पण धान्य कोणत्या हंगामातले आणि कुठले, याचा उल्लेख नव्हता. मी तिथल्या मुलाला विचारले तेव्हा त्याने अत्यंत नम्रपणे सांगितले की माल मोठ्या गोदामातून येतो आणि त्याला याहून अधिक माहिती नाही. अण्णांना विचारले तर ते पोत्यात हात घालून दाणा दाताखाली धरतात आणि सांगतात की हा जतकडचा, हा मंगळवेढ्याचा, हा गेल्या सालचा आहे, तुम्ही घेऊ नका, आठ दिवसांनी नवा उतरेल. आपल्याच दुकानातला माल घेऊ नका म्हणून सांगणारा माणूस ही त्या दुकानाची खरी सेवा आहे आणि तिची किंमत कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

एप्रिल-मे हे आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याचे दिवस. त्यासाठी लागणारी ब्याडगी, संकेश्वरी आणि लवंगी मिरची, सुके खोबरे, धने, तीळ, खसखस आणि खडा मसाला यांची यादी घेऊन मी आधी नव्या दुकानात गेले. मिरची तिथे एकाच प्रकारची होती, पाव किलोच्या पिशवीत, आणि तीही कुठली ते कळायला मार्ग नव्हता. दगडफूल, नागकेशर आणि त्रिफळ मिळाले नाही. अण्णांकडे यादी दाखवावीच लागत नाही. किती किलोचा मसाला, गेल्या वर्षीचा जास्त तिखट झाला होता का, घरात आता तिखट कोण कोण खाते, एवढे विचारून ते रंगासाठी किती आणि तिखटासाठी किती मिरची हे स्वतः ठरवतात, सगळे वेगवेगळ्या पुड्यांत बांधतात आणि कांडपाला नेताना काय आधी भाजायचे, काय कच्चे टाकायचे तेही सांगतात. यंदाचा मसाला उत्तम झाला आहे.

इथपर्यंत वाचून मी अण्णांच्या बाजूची आहे असे वाटेल. मे महिन्यात एका संभाषणाने मला थांबून विचार करायला लावले. आमच्याकडे भांडी-धुण्याचे काम करणाऱ्या मावशी पगार झाल्यावरची खरेदी आता नव्या दुकानात करतात. मी सहज कारण विचारले. मला वाटले होते की त्या दर सांगतील. त्या म्हणाल्या, "वहिनी, तिथं कोण विचारत नाही, पैसे आणलेत का म्हणून. तुम्ही गेला काय न् मी गेले काय, रांग एकच." मग त्यांनी सांगितले ते मला फार लागले. किराण्याच्या दुकानात गर्दी असली की त्यांना बाजूला थांबवले जाते, त्यांच्या मागून आलेल्याचे सामान आधी बांधले जाते. चांगल्या तांदळाचा भाव विचारला तर "तो तुम्हाला परवडायचा नाही" असे तोंडावर सांगितले जाते आणि मग त्या न विचारताच स्वस्तातला घेऊन येतात. बावीस वर्षे मी त्याच दुकानाच्या पायरीवर उभी राहते आणि मला हे कधी दिसले नाही, कारण मला कधी बाजूला थांबवले गेले नाही. उंच फळीपलीकडून माल देणाऱ्या दुकानात ग्राहकाने काय पाहावे हे दुकानदार ठरवतो. मावशींनी नव्या दुकानात पहिल्यांदा बासमती तांदळाची पिशवी हातात घेऊन तिच्यावरचा दर वाचला, परत ठेवली, आणि त्याबद्दल कुणी काही बोलले नाही. हा त्या दुकानाचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि आमच्या व्यापाऱ्यांनी त्याचा विचार दरांपेक्षा आधी करायला हवा.

पण मावशींच्याच खरेदीत या साऱ्या वादाचे मूळही आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या नव्या दुकानात जातात आणि वीस तारखेनंतर अण्णांकडे, कारण तेव्हा हातात पैसे नसतात आणि अण्णांच्या वहीत त्यांचे खाते आहे. पाव किलो साखर, दहा रुपयांची चहापूड, अर्धा किलो तूरडाळ असे त्या नेतात, अण्णा लिहून ठेवतात, पगार झाला की हिशेब होतो. अण्णांनी मला त्यांची वही दाखवली. नावे झाकून फक्त आकडे पाहू दिले, आणि त्यांची ही काळजी मला योग्य वाटली. मार्चपासून रोखीची विक्री उतरत गेली आहे, उधारीची मात्र होती तेवढीच आहे, किंबहुना थोडी वाढली आहे. "रोखीचा माल तिकडं गेला, उधारीचा माझ्याकडं राहिला. वितरक काही माझं खातं लिहून घेत नाही," असे ते म्हणाले. साबणावर, बिस्किटांवर, चहावर माझ्यासारख्या रोखीच्या ग्राहकाकडून त्यांना जे आठ-बारा टक्के मिळत होते त्यावरच ती वही चालत होती. बंद वस्तूंवर महिन्याला वाचणारे 274 रुपये हवेतून येत नाहीत. त्यांतला एक भाग बिनव्याजी उधारीच्या रूपाने मावशींच्या घरी जात होता, तो आता थांबणार आहे. वही बंद झाली तर त्यांना पंचविसाव्या तारखेला डाळ कुठून मिळेल, या प्रश्नाचे उत्तर नव्या दुकानाकडे नाही, आणि खरे तर त्याच्याकडून ते अपेक्षितही नाही. पण त्यामुळे प्रश्न नाहीसा होत नाही. मी हा हिशेब लिहायला बसले ते मुख्यतः हे सांगण्यासाठी.

ही वही काय करू शकते ते सांगलीने ऑगस्ट 2019 मध्ये पाहिले आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले, गावठाण, मारुती चौक, सांगलीवाडी पाण्याखाली गेली आणि गावातली असंख्य कुटुंबे विश्रामबागेत नातेवाइकांकडे, शाळांत, कार्यालयांत येऊन राहिली. आता जिथे सुपरमार्केट आहे त्या मंगल कार्यालयातही कुटुंबे उतरली होती. गणपती पेठेतली घाऊक दुकाने बुडाल्यामुळे नवा माल येत नव्हता, वीज नसल्याने यंत्रांवर पैसे चुकते करणे बंद होते आणि लोकांजवळ रोकड नव्हती. आमच्या रस्त्यावरच्या सहा दुकानांनी त्या आठवड्यात ज्यांचे नावही कधी ऐकले नव्हते अशा माणसांना नुसते नाव आणि नातेवाइकाचा पत्ता लिहून घेऊन माल दिला. एका घराला दोन किलोंहून जास्त तांदूळ द्यायचा नाही, म्हणजे सर्वांना पुरेल, हे त्यांनी आपापसांत ठरवले होते. त्यातले किती पैसे परत आले, हे मी अण्णांना विचारले. "बहुतेक सगळे आले," एवढेच ते म्हणाले.

आता वादाकडे वळते. जानेवारीत देवळाच्या सभागृहात व्यापारी आणि रहिवासी यांची बैठक झाली, तिला मी हजर होते. व्यापाऱ्यांच्या बाजूने एकाने परदेशी कंपन्या देश गिळतील असे सांगितले आणि बराच वेळ त्यावरच गेला. वस्तुस्थिती अशी की 2012 मध्ये केंद्राने बहुब्रँड किरकोळ व्यापारात, म्हणजे अनेक कंपन्यांचा माल विकणाऱ्या दुकानांत, 51 टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली आणि ती लागू करायची की नाही हे राज्यांवर सोपवले, तो वाद वेगळा होता. आमच्याकडे आलेली साखळी देशी आहे आणि त्या वादातले बहुतेक मुद्दे तिला लागूच होत नाहीत. दुसऱ्या एकाने 2007 मधल्या घटनांची आठवण दिली, जेव्हा रांचीत साखळी दुकानांची मोडतोड झाली आणि उत्तर प्रदेश सरकारने तशी दुकाने बंद करायला लावली. ती आठवण देण्याचा रोख मला आवडला नाही. दुकानात कामाला असलेली मुले-मुली आपल्याच कुपवाडची, मिरजेची आहेत, आणि काच फुटली तर तिचे तुकडे त्यांच्याच अंगावर उडतील. पुढे व्यापाऱ्यांनी उद्घाटनाच्या दिवशी एक दिवसाचा बंद पाळला. सहाही दुकाने बंद, नवे दुकान उघडे. त्या दिवशी ज्याला काही हवे होते त्याला तिथेच जावे लागले. बंद पुकारणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यायला हवे होते.

रहिवाशांच्या बाजूनेही न्याय्य बोलणे कमी झाले. "स्पर्धा आहे, ज्याला जमेल तो टिकेल" हे ठामपणे सांगणारे बहुतेक जण दुचाकी-चारचाकीवाले होते. ज्यांच्यासाठी पाव किलो साखर आणि उधारीची वही महत्त्वाची आहे त्यांच्यापैकी त्या सभागृहात कुणीही नव्हते, कारण त्यांना कुणी बोलावलेच नव्हते. मीही मावशींना या म्हणून सांगितले नाही.

रस्त्याच्या वापराबाबत मात्र माझी नव्या दुकानाविरुद्धची तक्रार स्पष्ट आहे. डिसेंबर 2020 पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार, म्हणजे बांधकामाच्या नियमांनुसार, अशा वापरासाठी वाहनतळ लागतो आणि इथे तळघरात तो आहेही, पण त्याचा उतार अरुंद असल्याने लोक गाड्या रस्त्यावरच लावतात आणि दुकानाचे रक्षक त्यांना काही सांगत नाहीत. माल उतरवणारा मोठा ट्रक सकाळी साडेसातच्या सुमारास, नेमका शाळेच्या वेळी, उलटा घेतला जातो. आणि ज्या भाजीवाल्या कवलापूर, बुधगावाहून पहाटे निघून मंगल कार्यालयाच्या भिंतीलगत बसत असत त्यांना पहिल्याच आठवड्यात रक्षकाने उठवले. तो पदपथ महापालिकेचा आहे, दुकानाचा नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन त्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत त्यांना हटवता येत नाही, आणि हटवण्याचा अधिकार एखाद्या दुकानाच्या रक्षकाला तर मुळीच नाही. दुकानात आत भाजी आहे, कांदे-बटाटे स्वस्तही आहेत, पण मेथी आणि कोथिंबीर मी तीनदा घेतली आणि तिन्ही वेळा गारव्यातून बाहेर काढल्यावर संध्याकाळपर्यंत ती काळी पडली.

पैसे देण्याच्या जागी पहिल्या दिवशी कापडी पिशवीचे वीस रुपये न विचारता बिलात आले. पिशवीला पैसे पडतील अशी सूचना दाराशी कुठेच नव्हती. ग्राहकाला आधी न सांगता ऐन पैसे देताना पिशवीची किंमत लावणे ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर 2020 मध्येच म्हटलेले आहे. मी तसे सांगितल्यावर पैसे परत मिळाले, आणि महिन्याभराने दाराशी फलकही लागला. माझ्यासारख्या एका ग्राहकाच्या सांगण्यावरून त्यांनी ते केले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

तिथे काम करणाऱ्या मुलींबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. पैसे घेणाऱ्या चार मुली दिवसाचे आठ-नऊ तास उभ्या असतात. बसायला काहीही नाही. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले आहे. कायद्याने सांगण्याची वाट न पाहता चार स्टुले ठेवायला त्या दुकानाला काय अडचण आहे, हे मला समजत नाही. अण्णांचा नोकर निदान पोत्यावर टेकतो.

अण्णांनी आणि इतर पाच दुकानांनी काय बदलावे, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. सुट्या मालाचे दर दिसतील असे फळ्यावर लिहावेत. मागितल्याशिवाय बिल मिळत नाही, ते सर्वांना मिळावे. मुदत संपत आलेली बिस्किटे मागच्या फळीवर पडून असतात, मला स्वतःला ती दोनदा मिळाली आहेत. आणि जो आधी आला त्याला आधी द्यावे, मग तो कुणीही असो. दरांच्या बाबतीत एकेकट्या दुकानदाराला साखळीशी टक्कर देता येणार नाही, पण एकत्र खरेदीची वाट आपल्या महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईच्या नायगावात 1948 मध्ये कामगारांनी अपना बाजार उभा केला. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून घरांचे छोटे गट करून महिन्याचा माल थेट वाटते. आपल्या शेजारी वारणा बाजाराने खेड्यापाड्यांत सहकारी भांडारे नेली. ही उदाहरणे ग्राहकांच्या सहकाराची आहेत, दुकानदारांच्या नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण सहा दुकानांनी मिळून गणपती पेठेतून साखर आणि तूरडाळ एकदम उचलायची ठरवली तर त्याला संस्था नोंदवण्याचीही गरज नाही. मी हे अण्णांना मांडून दाखवले. मे महिन्यात त्यांच्यापैकी चौघांनी साखरेपासून सुरुवात केली, आणि किलोमागे दीड रुपया कमी झाला.

मे महिन्यात मी यादी वाटून घेतली, आणि आता हीच पद्धत ठेवणार आहे. कपड्यांची पूड, भांड्यांचा साबण, फरशी पुसायचे द्रावण, सासूबाईंना हव्या त्या वस्तू नव्या दुकानातून. धान्य, डाळी, शेंगदाणे, गूळ, सगळा मसाला, आणि यात एक भर घालून चहा, बिस्किटे आणि अंगाचा साबण अण्णांकडून, छापील किमतीत, रोखीने. त्या तीन वस्तूंवर मला महिन्याला साधारण 90 रुपये जास्त पडतात. ते कशासाठी देते हे मला माहीत आहे. नव्या दुकानात जाणाऱ्यांना एक सूचना. सूट किती टक्के आहे हे न पाहता पिशवीवर छापलेली प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत पाहा. ती छापणे आता बंधनकारक आहे. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त नसते. कपड्यांच्या पुडीच्या दोन प्रकारांत मला लहान पाकीट स्वस्त पडले. गर्दी टाळायची असेल तर दुपारी दोन ते चार जावे, आणि गाडी तळघरातच लावावी.

दुकानाच्या व्यवस्थापकांना मी जूनच्या पहिल्या आठवड्यात लेखी निवेदन दिले, त्यावर आमच्या रस्त्यावरच्या एकेचाळीस जणांच्या सह्या आहेत. त्यात मावशींची आणि सहा भाजीवाल्यांचीही सही आहे. ट्रक शाळेची वेळ टाळून आणणे, भिंतीलगत बसणाऱ्यांना न उठवणे आणि काम करणाऱ्यांना बसायला देणे अशा तीन मागण्या आहेत. ट्रक आता साडेनऊनंतर येतो. भाजीवाल्या गेल्या सोमवारपासून पुन्हा भिंतीपाशी बसू लागल्या आहेत. स्टुलांबाबत वरिष्ठ कार्यालयाला कळवले आहे, असे उत्तर मिळाले आहे.